लग्ना अजुनी लहान

मराठी रंगभूमीवरचे सर्वश्रेष्ठ नाट्यपद कोणते, हा वाद सांगलीत दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्याने सुरू होतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ याच गावात सादर केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. त्या दिवशी भावे गौरवपदक दिले जाते, त्या सुमारास नाट्यसंगीताच्या बैठका होतात, आणि बैठक संपून चहाचे कप फिरू लागले की कुणीतरी हा प्रश्न टाकतोच. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांवर वाढलेली मंडळी ‘नाथ हा माझा’ म्हणतात, दीनानाथ मंगेशकरांचे भक्त ‘परवशता पाश दैवे’ किंवा ‘मर्मबंधातली ठेव ही’ यांवरून हटत नाहीत, आणि त्यांच्यापेक्षा तरुण असलेले ‘घेई छंद मकरंद’ हे नाव घेतात. माझे उत्तर ‘म्हातारा इतुका न’ हे आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातले हे पद सर्वांना पाठ असते, पण श्रेष्ठ पदांच्या यादीत ते कुणी धरत नाही. ते का धरले पाहिजे, आणि पहिलेच का धरले पाहिजे, हे मला नीट मांडायचे आहे.

त्यासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. नाट्यपदाचे आयुष्य दोन ठिकाणी चालते, रंगमंचावर आणि मैफलीत, आणि आपण निवड करताना बहुतेक वेळा मैफलीतल्या आयुष्यालाच गुण देतो. आमच्या शेजारच्या मिरजेत राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी ‘मानापमान’मधले ‘चंद्रिका ही जणू’ गायले, त्याची ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. त्या सुरांपुढे कुणीही नम्र व्हावे असे ते गाणे आहे. परंतु ते ऐकताना नाटकाचा नायक धैर्यधर आठवत नाही, नायिका भामिनी आठवत नाही, कथेत पुढे काय होणार ही उत्सुकता तर मुळीच वाटत नाही. पदाने नाटकाचा उंबरठा ओलांडला आहे आणि ते राग-संगीताच्या घरात कायमचे राहायला गेले आहे. त्यात गैर काही नाही. मात्र अशा पदाला आपण उत्तम गाणे म्हणावे. उत्तम नाट्यपद ठरवताना ते नाटकात काय करते, हे विचारले पाहिजे.

हे विचारण्याची सोय मराठी रंगभूमीला एकाएकी मिळालेली नाही. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्या पदांच्या आधाराने अभिनय करीत व ऐनवेळी सुचेल तसे बोलत. सीतेचे दुःख सीता गात नसे. तिच्याविषयी दुसरा कुणी गात असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हा गाणे पात्राच्या तोंडी आले. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कानडी चाली हे सगळे श्रोत्यांच्या ओळखीचेच होते. नवे होते ते एवढेच की आता शकुंतला स्वतः गात होती. या एका बदलाने नाट्यपदावर मोठी जबाबदारी येऊन पडली. जो गातो त्याला गाण्याची गरज का पडली, हा प्रश्न प्रत्येक पदाला विचारता येऊ लागला. जे बोलून भागले असते ते गाऊन सांगितले तर पद हे केवळ अलंकार ठरते, आणि जे बोलण्याने होणारच नव्हते ते गाण्याने घडले तर ते नाटकाचा अवयव होते.

या प्रश्नाला जोडून मी एक साधी कसोटी वापरते. एकाच नाटकातल्या दोन पदांच्या जागा बदलल्या, तर नाटकाला ते कळते का?

१९११च्या ‘मानापमान’ने आणि त्यानंतर १९१६च्या ‘स्वयंवर’ने मराठी माणसाला राग ऐकायला शिकवले, यात मला तिळमात्र शंका नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांच्या शब्दांना ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. ज्यांनी जन्मात कुठल्या उस्तादाचे तोंड पाहिले नव्हते, त्या दुकानदारांना, कारकुनांना, आणि माजघरात बसून ऐकणाऱ्या बायकांना त्या पदांतून यमन, बिहाग, भीमपलास, भूप हे राग ओळखीचे झाले. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते, यावरून तिथल्या गाण्याची पातळी काय असेल याची कल्पना यावी. माझे स्वतःचे शिक्षण याच पदांवर झाले आहे, आणि ‘मम आत्मा गमला हा’ बसवताना लागलेले महिने मला आयुष्यातले चांगले महिने वाटतात. तरीही त्याच कसोटीला ‘स्वयंवर’ लावून पाहिले तर उत्तर अडचणीचे येते. रुक्मिणीचे कृष्णावर प्रेम आहे, आणि ‘एकला नयनाला’, ‘मम आत्मा’, ‘नाथ हा माझा’ ही सगळी त्या एकाच प्रेमाची वेगवेगळ्या रागांतली रूपे आहेत. त्यांची अदलाबदल झाली तर कान तक्रार करील, कथा करणार नाही. वन्समोअर मिळत गेला की रुक्मिणी पुन्हा पुन्हा गाते आणि द्वारकेचा निरोप घेऊन येणारा विंगेत थांबून राहतो. लोक त्यासाठीच येत होते आणि तृप्त होऊन जात होते. पण त्या तृप्तीचे श्रेय नाटककाराकडे कमी आणि गवयाकडे जास्त जाते.

‘एकच प्याला’ची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते अधिक दुःखाची. राम गणेश गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले, आणि त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. ‘कशी या त्यजू पदाला’ ऐकून डोळे ओले न झालेला माणूस मला भेटलेला नाही. परंतु नायिका सिंधूचे गद्य इतके भेदक आहे की तिची पदे त्या गद्याच्या मागून चालतात. ती वेदना वाढवत नाहीत, विसावा देतात. दीनानाथांच्या पदांविषयी मी थोडक्यात बोलते, कारण त्यांचे बिऱ्हाड काही वर्षे सांगलीत होते आणि इथे त्या विषयावर बोलणे म्हणजे घरातल्या माणसाविषयी बोलणे असते. ‘रणदुंदुभि’मधले ‘परवशता पाश दैवे’ पारतंत्र्याच्या काळात प्रेक्षागृहात ऐकणे हा अनुभव काय असेल, हे आज कुणालाच पूर्णपणे कळणार नाही. त्या पदाचे सामर्थ्य मी मान्य करते. ते सामर्थ्य कथेतून येण्यापेक्षा बाहेरच्या काळातून जास्त आले होते, एवढीच नोंद करते.

साठोत्तरी नाटकांत संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी हा तोल पुष्कळ अंशी सावरला. रहिमतपूरला जन्मलेल्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली आले. त्यातली पदे आटोपशीर आहेत, प्रसंगाला थांबवत नाहीत, आणि ‘गर्द सभोवती रान साजणी’सारखे पद सुरू झाले की नेपथ्याची गरजच उरत नाही. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत येते, आणि दोन गायकांमधला झगडा शब्दांत न सांगता कानांना कळतो. नाट्यपदाने नाटक घडवण्याचे याहून चोख उदाहरण शोधूनही सापडायचे नाही, आणि मी बराच काळ याच पदाला पहिला मान देत असे. पण तिथली पात्रे गवई आहेत. गवयाने गावे यात त्याला गाण्याची वेगळी गरज सिद्ध करावी लागत नाही. नाटकाची अर्धी वाट त्या योजनेनेच सोपी झालेली असते. कठीण काम आहे ते गाणे न शिकलेल्या, ज्यांना कुणी बोलूही देत नाही अशा माणसांना गायला लावण्याचे.

म्हणून मला पुन्हा मागे, किर्लोस्करांकडे जावे लागते. ‘सौभद्र’ १८८२ साली आले. बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे, आणि ती आपल्या सखीला विचारते, ‘वद जाऊ कुणाला शरण’. हे पद मी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचले तेव्हा चकित झाले, कारण वरवर विलाप वाटणारे हे पद प्रत्यक्षात हिशेब आहे. आप्त, बंधू, बांधव यांना विनवून झाले, ते विफल झाले. आईवडील तिचे हाल पाहून कष्टी होतात, पण त्यांचे काही चालत नाही. काल-परवापर्यंत हात जोडून पुढे नाचणारे यादवांचे थवे आता उलटले आहेत. एकेक दार ठोठावून बंद असल्याचे ती सांगत जाते आणि प्रत्येक दारानंतर ‘अग सखये’ असे म्हणते. ती हाक दर कडव्याला अधिक एकटी होत जाते. भाऊराव कोल्हटकरांनी गाजवलेल्या सुभद्रेचे हे पद ‘सौभद्र’मध्ये दुसरीकडे कुठेही बसणार नाही. पळण्याचा मार्ग शिल्लक नाही, हे या पदाने सिद्ध झाल्यामुळेच पुढे कृष्णाच्या कारस्थानाला आपण मनापासून साथ देतो. माझ्या यादीत या पदाचा दुसरा क्रमांक पक्का आहे.

पहिला क्रमांक ज्याचा, तो माणूस सांगलीहून तीन-चार किलोमीटरवरच्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे संगमेश्वराचे देऊळ आहे, गावात हळद साठवायची जमिनीखालची पेवे होती, आणि सांगलीहून जाणारा रस्ता चिंचेच्या झाडांखालून जातो. देवलांचा जन्म इथे १८५५ साली झाला. बेळगावच्या शाळेत त्यांना शिकवायला अण्णासाहेब किर्लोस्कर होते, पुढे ते त्यांच्याच मंडळीत गेले, आणि नटांना तालीम देणारे मास्तर म्हणून त्यांची मोठी ख्याती झाली. तालीम मास्तराचा हा अनुभव त्यांच्या पदांत पदोपदी जाणवतो; कुठला शब्द नटाच्या तोंडात अडकेल आणि कुठला शेवटच्या रांगेपर्यंत जाईल हे त्यांना ठाऊक होते. त्यांची सात नाटके आहेत, त्यांतली सहा संस्कृत किंवा पाश्चात्त्य कृतींच्या आधाराने लिहिलेली आहेत. ‘शारदा’ हे एकच सर्वस्वी त्यांचे. हरिपूरच्या घाटावर उभे राहून ‘जय कृष्णातटवासा’ हे त्यातले पद आठवले की लेखकाला आपल्या नाटकासाठी फार लांब जावे लागले नव्हते, असे माझ्या मनात येते.

‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. कांचनभट नावाचा लोभी भिक्षुक आपल्या मुलीला, शारदेला, पैशांसाठी भुजंगनाथ या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ सगळे जुळवून आणतो. मुलीची आई कळवळते, पण तिला विचारतो कोण? कथा सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून मी ती लांबवत नाही. या कथेत म्हाताऱ्याची टर उडवणारे हे पद शारदेच्या सख्यांच्या मेळ्यात येते.

त्याची पहिली ओळ खोटे आश्वासन आहे. म्हातारा एवढा काही म्हातारा नाही, अवघे पाउणशे वयमान. ‘अवघे’ हा शब्द मध्यस्थाच्या तोंडचा आहे. स्थळ दाखवायला आलेला माणूस जसा दोष झाकत बोलतो, तशा आवाजात मुली बोलत आहेत. आणि त्या पुढे म्हणतात, ‘लग्ना अजुनी लहान’. हे पद मी लहानपणापासून ऐकत आणि म्हणत आले, पण या तीन शब्दांपाशी थांबायला मला कुणी शिकवले नव्हते. ज्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत आणि ‘पोर अजून लहान आहे’ हे वाक्य उच्चारण्याची बापाची तयारी नसे, त्या काळात देवलांनी ते वाक्य मुलींच्या तोंडी दिले आणि पंचाहत्तरीच्या नवऱ्याला बहाल केले. जे शारदेविषयी कुणीतरी म्हणायला हवे होते, ते सगळ्या नाटकात भुजंगनाथाविषयी म्हटले जाते. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याने ते वाक्य ऐकलेले असते.

त्यानंतर शरीराचे वर्णन सुरू होते आणि ते इतके नेमके आहे की नट केवळ उभा राहिला तरी अभिनय होऊन जातो. ‘दंताजींचे ठाणे उठले’: दातांना ‘जी’ लावून मान दिला आहे आणि त्याच श्वासात त्यांची छावणी उठवली आहे. कान फुटले आहेत, डोळे रुसून बसले आहेत, आणि ‘नन्ना म्हणते मान’. म्हातारपणाने हलणाऱ्या मानेला मुली नकार म्हणतात. या लग्नाला उघडपणे ‘नको, नको’ म्हणणारे कथेत कोण आहे, हे पाहिले म्हणजे या ओळीचे मोल कळते. बाप म्हणत नाही, मध्यस्थ म्हणत नाही, मुलीला म्हणू दिले जात नाही. नवऱ्या मुलाची स्वतःची मान तेवढी म्हणते, आणि तिचे ऐकायला तो तयार नाही. पुढे कंबरेची कमान होते, काठीवाचून पायांना नेट राहत नाही, तरी उसनी ऐट घेऊन तो चालतो. ती ऐट पैशाची आहे हे सांगण्यासाठी देवलांना वेगळी ओळ खर्चावी लागलेली नाही.

ही सगळी ओळींची कामगिरी झाली; चालीचे काय, असे संगीताची माणसे विचारतील. चाल सरळ आहे, ठेक्यावर उड्या मारणारी आहे, आणि तिच्यात आलापाला, तानेला, मुरकीला जागा नाही. हे तिचे वैगुण्य धरले जाते. मला तो विचारपूर्वक केलेला निर्णय वाटतो. गाणे न शिकलेल्या पोरींनी अंगणात फेर धरून जे म्हणावे तेच रंगमंचावर आले आहे, त्यामुळे ‘या मुली का गातात’ हा प्रश्नच उद्भवत नाही. घोळक्यातल्या मुली अशाच गात असतात. आणि ज्या गोष्टी त्या बोलल्या असत्या तर वडीलधाऱ्यांनी त्यांना गप्प केले असते, त्या गाण्यात आल्यावर खेळ ठरतात. बोलायची सोय नसलेल्यांनी गाण्याचा आडोसा घेणे ही आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आणि भोंडल्याच्या गाण्यांची जुनी रीत आहे. सासरच्या द्वाडपणाविषयी उघड बोलता येत नाही, हत्तीभोवती फेर धरून म्हणता येते. देवलांनी ती रीत उचलून नाटकाच्या ऐन मर्मावर ठेवली.

त्या काळाकडे नीट पाहिले की या हसण्याचे वजन आणखी कळते. आमच्याच सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभूला जन्मलेल्या आगरकरांनी ‘सुधारक’मधून या विषयावर लिहून लिहून झिजून घेतले होते आणि १८९५ साली ते गेले होते. १८९१च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले, तर त्यावरून महाराष्ट्र दुभंगला. मुलींच्या विवाहासाठी चौदा वर्षांची किमान मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. हरविलास सारडा यांच्या नावावरून त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले. नाटकातल्या नायिकेच्या नावाशी जुळणारे ते नाव केवळ योगायोग आहे, पण तो महाराष्ट्राला इतका स्वाभाविक वाटला की पुष्कळांना तसे कधी जाणवलेच नाही. आणि त्या कायद्यानेही वयांतल्या अंतराला हात लावला नव्हता. मुलगी चौदाची झाली की पंचाहत्तरीच्या माणसाशी तिचे लग्न लावण्यात कायद्याची आडकाठी नव्हती. तिथे उपाय एकच उरत होता: असे लग्न करायला निघालेल्या माणसाला गावात तोंड दाखवणे कठीण करणे. ज्या गावात ‘पाउणशे वयमान’ पोराटोरांना पाठ आहे, त्या गावातून मुंडावळ्या बांधून निघणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे हे पद चालत गेले असणार. एका नाट्यपदाकडून याहून मोठ्या कामाची अपेक्षा काय करावी?

हे पद आपण विनोदी म्हणून बाजूला ठेवले, त्याला आपल्या शाळांची स्नेहसंमेलने बऱ्याच अंशी कारण आहेत. नऊवारी नेसलेल्या मुली, कापसाच्या मिशा लावून काठी टेकत येणारी एक मुलगी, समोर हसणारे आईबाप; मीही अशीच त्यात उभी राहिले आहे. प्रसंगापासून तुटलेले पद केवळ म्हातारपणाची थट्टा होते, आणि ती थट्टा मला आज खटकते. म्हातारे असणे हा दोष नाही, आणि देवलांनाही तसे म्हणायचे नाही. पुष्कळ वर्षांनी भावे नाट्यमंदिरात संपूर्ण ‘शारदा’ पाहिले तेव्हा या पदाला प्रेक्षक खळखळून हसले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांची सख्खी मावशी एका बिजवराला दिलेली होती, दोन्ही बाजूंच्या वयांतले अंतर घरात कधी उच्चारले गेले नव्हते, आणि ती मावशी ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परत आली होती. आत्या एवढेच म्हणाल्या, “मावशीला हे पद यायचं. म्हणताना ती हातातलं काम कधी थांबवायची नाही.” नाटक पुढे गेले, पण त्या रात्री माझ्या मनातला क्रम बदलला.

मिरजेचे एक बुवा, ज्यांच्याकडे मी अधूनमधून शिकायला जाते, त्यांना हे मुळीच पटत नाही. त्यांचे घर सतारमेकरांच्या गल्लीपासून जवळ आहे, आणि त्यांच्याकडचा तंबोरा जुळला की खोली भरून जाते. असा माणूस ‘नाथ हा माझा’वरून ढळणार नाही, हे उघड आहे. “ताई, त्यात गायचं काय आहे? पेटीवर दोन पट्ट्यांत संपतं ते,” असे ते म्हणाले. मी म्हटले, “बुवा, गायचं काही नाही म्हणूनच ते शारदेच्या मैत्रिणींना गाता येतं. ‘नाथ हा माझा’ त्यांना कसं यावं?” त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि जे उत्तर दिले ते मला आजवर सर्वांत जड गेलेले आहे. ते म्हणाले, “मग तुम्ही गाणं निवडत नाही, नाटकातला प्रसंग निवडताय. सूर काढून घेतला तर उरतं ते पद का म्हणायचं?” या आक्षेपात तथ्य आहे. सुरांवाचून हे पद उत्तम उपहासकविता म्हणून उरते. परंतु सुरांवाचून ते गावोगाव गेले नसते, निरक्षर बायकांच्या ओठांवर बसले नसते, आणि ज्या मुलीविषयी ते आहे तिच्यासमोर मोठ्याने म्हणताही आले नसते. सूर इथे सौंदर्यासाठी नाही, परवानगीसाठी आला आहे. बुवांना मी हे सांगितले. ते मान हलवून तंबोरा जुळवू लागले आणि आम्ही भूप घेतला.

‘वद जाऊ कुणाला’ आणि ‘म्हातारा इतुका न’ ही दोन पदे एकापाठोपाठ ऐकावीत असे मला अलीकडे फार वाटते. पहिल्यात मुलगी गाते आणि सखी ऐकते. दुसऱ्यात सख्या गातात आणि ऐकायची वेळ मुलीवर येते. सुभद्रा राजकन्या आहे, तिला निदान कुणाकुणाकडे जाऊन आले याची यादी सांगता येते, आणि तिच्या पाठीशी कृष्ण आहे. शारदेची यादी सुरूच होत नाही. तिचे लग्न मोडते ते कुणाला तिची दया आली म्हणून नव्हे. वधूवरांचे गोत्र एक निघते म्हणून. ती जीव द्यायला निघते, कोदंड हा तरुण तिला वाचवतो, आणि सप्तपदी पुरी झाली नव्हती या आधारावर शंकराचार्य तिला कन्या ठरवतात तेव्हा तिची सुटका होते. धर्मशास्त्रातल्या एका तांत्रिक दोषावर मुलीचे सगळे आयुष्य तोलून धरण्यात देवलांनी समाजाला सोयीचा शेवट दिला, असा आक्षेप काही जण घेतात. मला त्यात त्यांचा कठोरपणा दिसतो: घरच्या माणसांपैकी कुणीही तिच्या बाजूने ठामपणे उभे राहिले नसते, हे त्यांनी लपवलेले नाही. तिच्या बाजूने मोठ्या आवाजात बोलल्या त्या तेवढ्या मैत्रिणी, आणि त्याही गाण्यात.

यंदाच्या बैठकीसाठी पदांची यादी ठरवताना मी ही दोन पदे याच क्रमाने ठेवायला सांगितली आहेत. ‘म्हातारा इतुका न’ कुणा एकीने न म्हणता वर्गातल्या सगळ्या मुलींनी मिळून म्हणावे, काठी आणि मिशा आणू नयेत, आणि ‘लग्ना अजुनी लहान’ ही ओळ टाळ्यांत बुडू नये म्हणून तबला तिथे एक आवर्तन थांबावा, एवढे मी मागितले. बुवा पेटीला बसणार आहेत. त्यांनी यादी वाचली, ‘नाथ हा माझा’ शेवटी असल्याची खात्री करून घेतली, आणि पाउणशेची पट्टी कोणती ठेवायची ते विचारले.